प्राथमिक शाळेत उत्क्रांतीचा विचार

(शिक्षक प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या शिबिरात भाषा, गणित व परिसर अभ्यास या विषयांवर अनुभवी मंडळींची व्याख्याने झाली. माझ्या वाट्याला आलेला विषय आहे सजीवांची उत्क्रांती. हे नाव ऐकताच आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, हा तर माध्यमिक शाळेचा विषय. प्राथमिक शाळेतील गुरुजींचा त्याच्याशी काय संबंध? माझेही मत पुष्कळ वर्षे असेच होते. ते का बदलले, हे सांगण्यासाठी प्रथम माझ्याच हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे ठेवतो.

१९९४ साली मी कापूस पिकवणाऱ्या एका लहान गावात सातवीचा वर्ग घेत होतो. प्राणी व त्यांचे परिसर असा पाठ चालला होता. ओघात मी सांगितले की, जिराफाला उंच झाडांचा पाला खावयाचा होता, म्हणून त्याने मान ताणली. पिढ्यान्पिढ्या ताणता ताणता मान लांब झाली. मागच्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्या बैलांचं नाक टोचून वेसण घालतात. त्यांच्या बापाला घातली होती, आज्यालाही घातली होती. मग वासरू नाकाला भोक घेऊन का नाही जन्मत?" वर्ग हसला. मला उत्तर सुचले नाही. "खाली बस, सांगतो ते लिहून घे," असे म्हणून मी पुढे गेलो.

त्या मुलाने विचारलेला प्रश्न जीवशास्त्रातील एक थोर प्रश्न होता, हे मला फार उशिरा कळले. १८०९ साली लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने जिराफाच्या मानेचे जे स्पष्टीकरण दिले, तेच मी वर्गात सांगितले होते. सजीव बदलत आले आहेत, हे धैर्याने मांडणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत लामार्कची गणना होते आणि त्याचे ते श्रेय कोणी नाकारत नाही. तथापि आयुष्यात कमावलेला किंवा गमावलेला अवयवगुण संततीत उतरतो, हे त्याचे म्हणणे टिकले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील वाइझमान या शास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या अनेक पिढ्या कापून पाहिल्या. तरीही प्रत्येक पिढीतील पिले पूर्ण शेपटीचीच जन्मली. वाइझमानला त्यासाठी प्रयोगशाळा लागली. आमच्या मुलाने तोच निष्कर्ष गोठ्यात उभे राहून काढला होता, आणि मी त्याला खाली बसवले.

या गोष्टीचा उत्तरभाग मी पुढे सांगणार आहे. तूर्त इतकेच म्हणतो की, उत्क्रांतीचा पाठ दहावीत येत असला, तरी त्या पाठाची जमीन आपल्या वर्गांत नांगरली जाते. २०१८ साली आलेल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांती यांचा होता. २०२३ साली राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळलेला दिसला, तेव्हा देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमी नागरिकांनी तो परत घ्यावा, असे पत्रक काढले. पुस्तकात काय असावे, हे ठरवणारे लोक वेगळे असतात. परंतु मुलाने प्रश्न विचारला असता त्याला खाली बसवावयाचे की फळ्याजवळ बोलवावयाचे, हे ठरवणे सर्वस्वी आपल्या हाती असते.

आता मूळ विषयाकडे वळू. उत्क्रांतीचा विचार चार साध्या गोष्टींवर उभा आहे, आणि त्या चारही खेड्यातील मुलाच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत.

पहिली गोष्ट भेदाची. एकाच जातीचे दोन जीव तंतोतंत सारखे नसतात. मुलांना बाभळीखाली नेऊन प्रत्येकाला दहा शेंगा वेचण्यास सांगावे आणि प्रत्येक शेंगेतील बिया मोजून फळ्यावर तक्ता मांडावा. काही शेंगांत बिया थोड्या, काहींत पुष्कळ, आणि बहुतेक शेंगांत मधल्या संख्येच्या निघतील. परिसर अभ्यास आणि गणित अशा दोन्ही विषयांचा हा पाठ होतो, आणि त्याला खर्च काहीच नाही.

दुसरी गोष्ट आनुवंशिकतेची. या भेदांपैकी पुष्कळ भेद आईबापांकडून संततीकडे येतात. शेतकरी खळ्यावर बियाण्यासाठी टपोरे, भरलेले कणीस बाजूला काढून ठेवतो, तेव्हा तो याच नियमावर विश्वास ठेवतो. १८६५ साली मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या झाडांवर केलेल्या प्रयोगांतून या नियमाचे गणित मांडले. विसाव्या शतकात गुण वाहून नेणाऱ्या जनुकांची रासायनिक घडण कळली. पेशीत जनुकांची नक्कल होताना क्वचित चूक होते. तिला उत्परिवर्तन म्हणतात. नवे भेद मुख्यतः अशा चुकांतून उगवतात. त्यांतील काही निरुपद्रवी, काही घातक, तर थोडे उपयोगी असतात. ते जीवाच्या इच्छेने किंवा गरजेने होत नाहीत, हे शिक्षकाने मनात पक्के ठेवावे.

तिसरी गोष्ट अशी की, जन्म पुष्कळांना मिळतो, परंतु वाढून संतती मागे ठेवण्याचे भाग्य थोड्यांनाच लाभते. मुलांना एक उदाहरण घालावे. समजा, पतंगाच्या एका जोडीची शंभर अंडी उबली आणि सारी पिले जगून त्यांच्या पन्नास जोड्या झाल्या. पुढच्या पिढीत २,५०० जोड्या, तिसऱ्या पिढीत १,२५,००० जोड्या आणि चौथ्या पिढीत ६२,५०,००० जोड्या होतील. प्रत्यक्षात असे होत नाही, कारण पक्षी, कोळी, रोग, पाऊस व उपासमार यांत बहुतेक पिले नष्ट होतात.

चौथी गोष्ट या तिन्हींतून आपोआप निघते. जे थोडे जगतात, ते सर्वस्वी नशिबाने जगतात असे नाही. त्या ठिकाणी, त्या काळी ज्याचा गुण थोडाफार उपयोगी पडतो, त्याला जगण्याची व संतती वाढवण्याची संधी इतरांपेक्षा किंचित अधिक मिळते. त्याचा गुण पुढच्या पिढीत अधिक जणांत दिसतो. हाच क्रम अनेक पिढ्या चालला म्हणजे समूहाचे रूप पालटते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. इंग्लंडचा चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळात बीगल जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ पुरावे गोळा करत राहिला. आल्फ्रेड वॉलेस यालाही स्वतंत्रपणे हीच कल्पना सुचली. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले, आणि १८५९ साली डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तो शेतकऱ्यांची व पशुपालकांची निवड वर्णन करतो. कबुतरे पाळणाऱ्यांकडून तो पुष्कळ शिकला होता. आपल्याकडे धावणारा खिल्लार बैल, डांगाणच्या अतिवृष्टीत टिकणारा डांगी, दुधाला व कामालाही चालणारी देवणी जात ही सारी माणसाच्या निवडीची फळे आहेत. मनुष्य थोड्या पिढ्यांत इतके करू शकतो, तर निसर्गाला कोट्यवधी वर्षांत काय अशक्य, असा डार्विनचा युक्तिवाद होता.

येथे कोणी विचारील की, हे सारे तर्काने ठीक. पण निवड होताना कोणी प्रत्यक्ष पाहिली आहे काय? होय, पाहिली आहे. प्रशांत महासागरातील गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर पीटर ग्रँट व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून चिमणीएवढ्या फिंच पक्ष्यांची नोंद ठेवली. पक्षी पकडावा, चोच मोजावी, पायात खुणेचे कडे घालून सोडून द्यावा, असा त्यांचा क्रम होता. १९७७ साली तेथे दुष्काळ पडला. बारीक बिया संपल्या. उरल्या त्या मुख्यतः आपल्याकडील सराट्याच्याच कुळातील एका वेलीच्या टणक, काटेरी बिया. सराटा पायात रुतला नाही असा मुलगा आपल्या शाळेत नसेल. तेव्हा ही बी फोडणे किती कठीण, हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही. ज्यांची चोच जाड होती, ते पक्षी अधिक संख्येने वाचले. वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर अधिक भरली, आणि त्यांची पिलेही जाड चोचीची निपजली. पुढे १९८३ मध्ये अतोनात पाऊस झाला, बारीक बियांचे पीक आले, आणि त्यानंतरच्या वर्षांत लहान चोचीच्या पक्ष्यांना लाभ झाला.

या उदाहरणातून दोन बोध घ्यावेत. एक असा की, कोणत्याही पक्ष्याने आपली चोच जाड केली नाही; पक्षी होते तसेच राहिले, बदलला तो समूह. दुसरा असा की, जाड चोच ही श्रेष्ठ आणि बारीक चोच ही कनिष्ठ, असे काही नाही. दुष्काळात जे हिताचे, तेच सुकाळात अहिताचे ठरले. उत्क्रांतीला आधी ठरवलेले मुक्कामाचे गाव नसते.

आता मी त्या सातवीतील मुलाच्या गोष्टीकडे परत येतो. २०१७ सालच्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने, म्हणजेच आपल्या जुन्या शेंदरी बोंडअळीने, कापसाचा घास घेतला, हे आपणांस स्मरत असेलच. त्या सुमारास मी त्या गावावरून जात होतो. माझा तो विद्यार्थी आता कर्ता शेतकरी झाला होता. बांधावर त्याने बोंड फोडून दाखवले. आत अळी आणि किडलेली सरकी. तो म्हणाला, "गुरुजी, बीटी कापसाला अळी लागत नाही म्हणून महागाचं बियाणं घेतलं. आता म्हणतात, अळीला जहराची सवय झाली. सवय अशी कशी होते?"

मी त्याच्याजवळ बसलो आणि त्याला जे समजावले, तेच येथे सांगतो. बीटी कापसात जमिनीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे झाडात असे प्रथिन तयार होते की, जे बोंडअळीच्या पोटात जाताच तिला मारते. भारतात हा कापूस २००२ साली आला आणि अशी दोन जनुके असलेले वाण २००६ साली आले. आरंभी अळी खरोखरच मरत होती. परंतु कोट्यवधी अळ्यांत एखादी अशी होती की, उत्परिवर्तनामुळे तिला ते जहर बाधत नव्हते. हा भेद बीटी कापूस येण्यापूर्वीही असू शकतो. तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता एवढेच. शिवारभर एकच जहर पसरल्यावर बाकीच्या मेल्या, ही वाचली. गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचे २०१० साली जाहीर झाले; पुढे दुसरे जनुकही निष्प्रभ होऊ लागले. कोणत्याही अळीला सवय झाली नाही. ज्या अळीला जहर बाधत होते, ती मेलीच. न मरणाऱ्यांची संतती शिवारात राहिली, इतकेच घडले.

शास्त्रज्ञांना हा धोका आधीच ठाऊक होता, कारण त्यांना उत्क्रांती ठाऊक होती. म्हणूनच बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे देत आणि ते शेताच्या कडेने पेरावे, असे सांगत. त्या साध्या कापसावर साध्या अळ्या जगाव्यात, हाच हेतू. जहर पचवण्याचा हा गुण बहुधा आई व बाप दोघांकडून आल्यावाचून पुरता उमटत नाही. न मरणाऱ्या एखाद्या पतंगाला जोडीदार साधा मिळाला, तर त्यांची पिले पुन्हा जहराने मरतात. साधे पतंग उरलेच नाहीत, तर मात्र न मरणाऱ्यांचेच न मरणाऱ्यांशी मीलन होते. "ते छोटं पाकीट होय?" माझा विद्यार्थी म्हणाला. "ते तर आम्ही बांधावर फेकून देत होतो. अळीसाठी कापूस पेरायचा, हे कुणाला पटावं?" शिवाय गावात पुष्कळांनी फरदड ठेवली होती. हंगाम सरल्यावरही उभ्या असलेल्या त्या कापसाने अळीला आणखी काही पिढ्या वाढावयास दिल्या होत्या.

माझ्या एका पाठाने त्याचे पीक वाचले असते, असे मी म्हणत नाही. एकट्याने पाकीट पेरून भागत नाही; शिवाराने पेरावे लागते. परंतु शिवार म्हणजे शेवटी आपल्याच शाळांतून शिकून गेलेली मुले. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात हाच पतंग होता आणि कापूसही बीटीच होता. तेथील शेतकऱ्यांनी साध्या कापसाचे पट्टे आरंभापासून राखले. पुढे वंध्य केलेले पतंग सोडण्याची मोहीमही झाली. २०१८ साली त्या देशाने आपल्या कापसातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. जीव एकच, जहर एकच, परिणाम मात्र निराळा. क्षयाच्या औषधांचा पूर्ण कोर्स घ्यावा, अर्ध्यावर सोडू नये, असे डॉक्टर बजावतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. तेव्हा उत्क्रांती हा केवळ फार पूर्वी होऊन गेलेल्या प्राण्यांचा विषय नसून तो आपल्या शेताचा व दवाखान्याचाही विषय आहे.

आता आपण वर्गातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. "गुरुजी, माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडे माणसे का होत नाहीत?" हा प्रश्न प्रत्येक पिढीतील मुले विचारतात. याचे उत्तर भाऊबंदकीच्या भाषेत द्यावे. आपण आपल्या चुलतभावापासून जन्मलो नाही. आपले व त्याचे आजोबा एक आहेत. त्यांची एक शाखा येथे राहिली, दुसरी परगावी गेली. दोन्हींची घरे आज निराळी दिसतात. त्याचप्रमाणे आजचा चिंपांझी आपला पूर्वज नव्हे. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत दोघांचा एक समान पूर्वज होता; त्याच्यापासून दोन शाखा निघाल्या. अंगणातले माकड आणखी दूरच्या शाखेवरचे. चुलतभाऊ आपल्यासारखा व्हावा, असे आपण म्हणत नाही. मग माकडानेच का व्हावे?

समान पूर्वजाचा पुरावा दाखवावयास पोळ्याचा दिवस उत्तम. सजवलेल्या बैलाचा पुढचा पाय मुलांना नीट पाहू द्यावा. ज्याला आपण त्याचा पुढचा गुडघा म्हणतो, तो वस्तुतः मनगटाचा सांधा आहे. कोपर वर, छातीजवळ आहे. मनगटाखालचे लांब हाड म्हणजे तळहाताची दोन हाडे एकत्र जुळलेली. दोन खुरे म्हणजे दोन बोटांची नखे, आणि मागे वर दिसणारी दोन लहान खुरे म्हणजे आखूड राहिलेली आणखी दोन बोटे. मुलाने आपला हात शेजारी धरावा. दंडात एक हाड, पुढे दोन, मग मनगटाची लहान हाडे, तळहात आणि बोटे. वटवाघळाच्या पंखात हीच बोटे लांब होऊन त्यांवर कातडे ताणलेले असते. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवातही हीच रचना आहे. नांगर ओढणे, उडणे, पोहणे व लिहिणे ही कामे इतकी भिन्न असता हाडांचा आराखडा एकच का असावा? सर्वांना तो एकाच पूर्वजाकडून वारशाने मिळाला, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

पुरावे जमिनीतही आहेत, आणि ते फार दूर नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तीत गवताच्या पेशींतील वाळूसारखे कण सापडले. २००५ साली हे प्रसिद्ध झाले. डायनोसॉर नाहीसे झाल्यावर बऱ्याच काळाने गवते पसरली, असा तोवर समज होता. पिसदुऱ्याच्या पुराव्याने तो बदलला. ज्वारी, भात व ऊस ज्या कुळातील, त्या कुळाचे आद्य वंशज तेव्हाही येथे उगवत होते. मुलांना हेही सांगावे की, पुरावा मिळताच आपले मत सुधारणे हा विज्ञानाचा कमीपणा नसून तोच त्याचा बाणा आहे.

काळाची कल्पना मात्र मुलांना सहज येत नाही. त्यासाठी ४६ मीटर लांबीची सुतळी घ्यावी. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षे धरावीत. एका टोकाला पृथ्वीचा जन्म, दुसऱ्या टोकाला आजचा दिवस. आजच्या टोकापासून मागे मोजत सुमारे ३५ मीटरवर गाठ मारावी. तेथवर सूक्ष्म जीवांच्या खुणा मिळतात. ५ मीटरच्या आसपास पाठीचा कणा असलेले आद्य जीव येतात. ६६ सेंटिमीटरवर डायनोसॉर संपतात. आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हारसाच्या रूपाने वाहिला, तोही साधारण त्याच सुमारास. ६-७ सेंटिमीटरवर आपली व चिंपांझीची वाट वेगळी होते. आणि आपली मानवजात? शेवटचे तीन मिलिमीटर. ही सुतळी मैदानावर धरून उभ्या असलेल्या मुलांना फार बोलून सांगावे लागत नाही.

निवडीसाठीही एक खेळ सांगतो. लोकरीचे हिरवे ५० व तांबडे ५० तुकडे शाळेपुढच्या हिरवळीवर पसरावेत. मुले म्हणजे पक्षी आणि तुकडे म्हणजे अळ्या. एकूण ६० तुकडे वेचले जाताच खेळ थांबवावा. समजा, ४० तांबडे व २० हिरवे वेचले गेले. उरले १० तांबडे व ३० हिरवे. आता त्याच प्रमाणात संख्या पुन्हा शंभर करावी, म्हणजे २५ तांबडे व ७५ हिरवे. असे तीन-चार डाव खेळून प्रत्येक पिढीची नोंद फळ्यावर करावी. नंतर तोच खेळ तांबड्या मातीवर घ्यावा. शेवटी विचारावे, "एखाद्या तरी तुकड्याने आपला रंग बदलला काय?" या एका प्रश्नाच्या उत्तरात अर्धी उत्क्रांती आली.

आता शिकवताना टाळावयाच्या काही चुका सांगतो. "प्राण्याने परिसरानुसार स्वतःत बदल घडवून आणला" असे वाक्य आपल्या तोंडी सहज येते, ते टाळावे. "परिसराला साजेसा भेद ज्यांच्यात होता, ते अधिक टिकले" असे म्हणावे. दुसरी चूक म्हणजे नैसर्गिक निवडीचा अर्थ "बळी तो कान पिळी" असा करणे. टिकण्यासाठी नेहमी बळच लागते असे नाही. कधी लपणे, कधी थोडक्यात भागवणे, तर कधी एकमेकांना साहाय्य करणे उपयोगी पडते. तिसरी चूक म्हणजे उत्क्रांतीची शिडी काढणे व शेवटच्या पायरीवर मनुष्याला उभे करणे. फळ्यावर वडाचे झाड काढावे. आजचे सारे जीव, मुंगी, बेडूक, बाभूळ व मनुष्य, हे त्याच्या टोकाच्या डहाळ्यांवर सारखेच आजचे आहेत. काही शिक्षक दशावतारांचा दाखला देतात. कथा म्हणून मुलांना ती अवश्य सांगावी. परंतु तिला उत्क्रांतीचा पुरावा म्हणू नये. तिच्यातील क्रम पायऱ्यांचा आहे, झाडाचा नव्हे. पुराणकथेला विज्ञानाच्या शिक्क्याची गरज नाही आणि विज्ञानाला पुराणाच्या आधाराची. एखाद्या पालकाने हरकत घेतली, तर वाद घालू नये. शाळेत आम्ही निसर्गात काय दिसते व त्यावरून काय अनुमान निघते एवढे शिकवतो, आणि मुलाने ते स्वतः पडताळून पाहावे अशी आमची इच्छा आहे, असे नम्रपणे सांगावे.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. जन्माने कोणी उच्च व कोणी नीच, या खुळ्या समजाला काही लोकांनी उत्क्रांतीचा आधार देऊ पाहिला. त्याला तसा आधार मुळीच नाही. पृथ्वीवरील सारी माणसे एकाच जीवजातीची आहेत, आणि ती आफ्रिकेतील समान पूर्वजांपर्यंत पोचतात. ज्या वर्गात निरनिराळ्या वस्त्यांतील मुले एका पट्टीवर बसतात, त्या वर्गात ही गोष्ट शिक्षकाने स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

मित्रहो, इयत्ता पहिली-दुसरीत भेद पाहण्याची सवय, तिसरी-चौथीत मोजण्याची व नोंद ठेवण्याची, पाचवीत बियाणे व जनावरांच्या निवडीची चर्चा, सहावी-सातवीत लोकरीचा खेळ, सुतळी व बैलाचा पाय, एवढा क्रम आपण धरला तरी पुरे. यासाठी वेगळा तास मागावा लागत नाही व साहित्यही विकत आणावे लागत नाही.

आणि मुलाने असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर आपणांस येत नाही, तर "मला ठाऊक नाही, आपण दोघे शोधू" असे म्हणण्यात गुरुजींचा मान कमी होत नाही. मी ते वाक्य १९९४ साली म्हणालो नाही. बांधावरून उठताना माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, वेसणीचा प्रश्न मी विचारला होता, आठवतं का?" मी म्हणालो, "आठवतं. तुझं बरोबर होतं." तो हसला. परंतु हे वाक्य त्याला तेवीस वर्षे आधी ऐकावयास मिळावयास हवे होते. आपल्या वर्गातील मुलांना ते वेळीच ऐकू यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.